ट्रेसमधला आरोपी

‘लॉग खोटं बोलत नाही.’

सॉफ्टवेअरच्या नोकरीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की आधी मी खोलीत कुणाचं तोंड उतरलंय ते बघते. बोलणारा बहुतेक वेळा वयाने आणि पगाराने मोठा असतो. वाक्य मोठं शास्त्रशुद्ध वाटतं. माणसं सारवासारव करतात, मशीन करत नाही. तेव्हा मशीनने छापलेल्या ओळीत ज्याचं नाव आहे, त्याने गप बसावं आणि दुरुस्तीला लागावं.

माझं म्हणणं उलट आहे. लॉग खोटं बोलतो. निदान नेटवर्कवरून जाणाऱ्या असिंक्रोनस कॉलच्या बाबतीत तरी तो रोज, सर्रास आणि चेहरा सरळ ठेवून खोटं बोलतो. खोटं बोलायला हेतू लागतो आणि मशीनला हेतू नसतो, असं कुणी म्हणेल. ठीक आहे, मग असं म्हणू: तो अर्धवट बोलतो आणि आपण अर्धवट बोलतोय हे सांगत नाही. माणसाने असं केलं तर आपण त्याला काय म्हणतो? आणि या अर्धवट बोलण्याची किंमत ते टूल बनवणारे मोजत नाहीत, मीटिंग बोलावणारेही मोजत नाहीत. ती मोजतात रात्री ऑन-कॉलला बसलेली, कंपनीत येऊन सहा महिने झालेली पोरं.

हे नेमकं काय असतं ते आधी सांगते, कारण कॉलेजात हे कुणी सांगत नाही. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर्समध्ये स्टॅक शिकवतात. फळ्यावर फॅक्टोरियलचं रिकर्शन काढतात, चौकोनावर चौकोन चढवतात आणि मग वरून एकेक खोडत खाली येतात. जुन्या घरातली मडक्यांची उतरंड डोळ्यांसमोर आणा. एकावर एक मडकं, आणि काढायचं ते वरचंच. प्रोग्राम मोडला की तो ही उतरंड आहे तशी छापतो: हे फंक्शन मोडलं, याला त्याने बोलावलं होतं, त्याला आणखी कुणी. याला स्टॅक ट्रेस म्हणतात. परीक्षेत यावर पाच मार्कांचा प्रश्न येतो आणि विषय संपतो.

पण ही उतरंड ‘मी कुठून आलो’ याची नोंद ठेवायला बनवलेलीच नाही. ती नोंद ठेवते ‘काम झाल्यावर मला कुठे परत जायचंय’ याची. सरळ रेषेत चालणाऱ्या कोडमध्ये या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच असतं. जिथून आलो तिथेच परत जायचं. म्हणून आपल्याला वाटत राहतं की ट्रेस म्हणजे इतिहास. नेटवर्कचा कॉल आला की ही दोन उत्तरं वेगळी होतात. तुमचं फंक्शन लांबच्या सर्व्हरला काहीतरी विचारतं. उत्तराला वेळ लागणार, म्हणून ते बाजूला होतं आणि त्याची अख्खी उतरंड उतरवून ठेवली जाते, कारण तोवर त्याच थ्रेडला बाकीची शंभर कामं करायची असतात. काही मिलिसेकंदांनी उत्तर येतं, किंवा उत्तराऐवजी एरर येते. ती घेऊन येतो इव्हेंट लूप, आणि तो नवी उतरंड रचायला घेतो, अगदी तळापासून. आता इथे काही मोडलं तर छापली जाईल ती ही नवी उतरंड. तिच्यात तुम्हाला कुणी बोलावलं होतं याचा पत्ता नाही. पत्र कुणी लिहिलं हे विचारावं आणि उत्तरात पोस्टमनचं नाव मिळावं, तसं.

नोडमध्ये काम केलेल्या प्रत्येकाने ती एरर पाहिलेली असते. ‘रीड ईकॉनरीसेट’, म्हणजे समोरच्याने कनेक्शन तोडलं. त्याखाली एकच ओळ: टीसीपी, ऑनस्ट्रीमरीड, आणि नोडच्या स्वतःच्या पोटातल्या कुठल्या तरी फाइलचं नाव. संपलं. तुमच्या दोन लाख ओळींच्या कोडमधली एकही ओळ तिथे नाही. कुणाला विचारत होतो, काय विचारत होतो, कितव्यांदा विचारत होतो, काही नाही.

हे सुधारलंय, असं मला सांगण्यात येतं. थोडं सुधारलंय. व्ही-एट इंजिनने २०१९ च्या सुमारास असिंक्रोनस स्टॅक ट्रेस आणले, आणि नोडच्या १२ व्या आवृत्तीपासून ते आपोआप मिळतात. इंजिन ‘अवेट’ची साखळी मागे मागे चालत जातं आणि थांबून राहिलेल्या फंक्शनांची नावंही ट्रेसमध्ये घालतं. चांगलं काम आहे, त्याबद्दल आभार. पण ते फक्त ‘अवेट’पुरतं. जुन्या पद्धतीचा कॉलबॅक असेल, टायमर असेल, तर साखळी तिथेच तुटते. गंमत म्हणजे एखाद्याने ‘रिटर्न अवेट’ऐवजी नुसतं ‘रिटर्न’ लिहिलं, की ते फंक्शन ट्रेसमधून गायब होतं. कोड तोच, काम तेच, उत्तर तेच. फक्त साक्षीतून एक माणूस उठून गेलेला. आणि उठून गेल्यावर त्याची खुर्ची रिकामी दिसत नाही. उरलेले सरकून बसतात.

माझी सगळी तक्रार त्या न दिसणाऱ्या खुर्चीबद्दल आहे.

एक प्रकरण सांगते. मी तेव्हा ज्या कंपनीत होते, तिचं नाव महत्त्वाचं नाही, कारण हे सगळीकडे होतं. आमच्या टीममध्ये कॅम्पसमधून नुकताच आलेला एक मुलगा होता. इनव्हॉइस तयार झालं का हे दुसऱ्या सर्व्हिसला दर ५ सेकंदांनी विचारत राहायचं, असा छोटा भाग त्याने लिहिला होता. काही आठवड्यांनी रात्री एररचे अलर्ट यायला लागले. ईकॉनरीसेट. दिवसा काही नाही, रात्री अकरानंतर दहा-वीस-तीस. डॅशबोर्डवर मॉड्यूलनुसार आलेख काढला तर एकच रंग: इनव्हॉइस. शंभर टक्के.

मीटिंग झाली. आरसीए, म्हणजे ‘मूळ कारण’ शोधण्याचं जे डॉक्युमेंट असतं, त्यात मूळ कारणाच्या रकान्यात इनव्हॉइस मॉड्यूलमधलं सदोष नेटवर्क हँडलिंग असं लिहिलं गेलं. आणि कुणीतरी ते वाक्य म्हटलंच. लॉग खोटं बोलत नाही.

खरी गोष्ट काय होती? समोरची सर्व्हिस नोडवर होती. नोडचा एचटीटीपी सर्व्हर तेव्हा रिकामं पडलेलं कनेक्शन डीफॉल्टने ५ सेकंदांनी बंद करायचा. आमच्या बाजूला कनेक्शनचा जो सामायिक साठा होता, तो मात्र कनेक्शन बराच वेळ उघडं आहे असं धरून चालायचा. नोडची आमच्याकडची आवृत्ती जुनी होती, समोरचा किती वेळ थांबणार आहे हे ती बघायची नाही. दिवसा ट्रॅफिक असतो, कनेक्शन रिकामं पडतच नाही. रात्री ट्रॅफिक ओसरला की त्या साठ्यातून बोलणारं जवळपास एकच उरतं, दर ५ सेकंदांनी विचारणारं. सर्व्हर नेमका त्याच क्षणी दार लावून घेतोय, इकडून नेमका त्याच क्षणी प्रश्न निघालाय. दोघंही आपापल्या जागी बरोबर. पॅकेट रस्त्यात एकमेकांना ओलांडून जातात आणि प्रश्नाच्या उत्तरात येतो रीसेट.

मग बाकीच्या मॉड्यूलना ही एरर कधीच येत नव्हती का? येत होती. पहाटेचे काही कॉल त्यांचेही जात होते. पण त्यांच्याकडे कुणीतरी पूर्वी लिहून ठेवलेलं एक वेष्टण होतं, जे अशी एरर आली की गुपचूप पुन्हा प्रयत्न करायचं आणि दुसऱ्यांदा जमलं की काही झालंच नाही अशा थाटात पुढे जायचं. लॉगमध्ये एक अक्षर नाही. या मुलाने ते वेष्टण वापरलं नव्हतं, कारण त्याला ते कुणी दाखवलंच नव्हतं. त्याने पुस्तकात लिहितात तसं केलं होतं: एरर पकडली, मॉड्यूलचं नाव, विनंतीचा क्रमांक, वेळ, सगळं नीट छापलं. मूळ ट्रेसमध्ये आमच्या कोडची एकही ओळ नव्हती. आमच्या कोडमधलं जे एकमेव नाव त्या लॉगमध्ये होतं, ते त्याने स्वतः लिहिलं होतं म्हणून होतं.

जो लिहितो तोच दिसतो. आलेखातला तो शंभर टक्के इनव्हॉइसचा रंग एररचा नव्हता, एरर नोंदवण्याचा होता. ज्या गावात रजिस्टर नीट भरलं जातं तिथेच रुग्ण जास्त दिसतात, हे आपल्याला करोनाच्या काळात वर्तमानपत्रं वाचूनसुद्धा कळत होतं. इंजिनिअर मंडळींना स्वतःच्या डॅशबोर्डसमोर बसल्यावर कळेनासं होतं.

पुढे मी आणि आणखी एकीने टीसीपीडंप लावून पॅकेट पकडली, तेव्हा चित्र स्पष्ट दिसलं: शेवटच्या उत्तरानंतर बरोबर ५ सेकंदांनी सर्व्हरकडून फिन, त्याला घासून आमची विनंती, आणि लगेच रीसेट. उपाय एका ओळीचा होता, सर्व्हरची ती मुदत वाढवणं. तो झाला, अलर्ट थांबले. आरसीएमधला रकाना मात्र तसाच राहिला, कारण ‘इन्सिडंट क्लोज झालाय’. त्या मुलाचं कन्फर्मेशन तीन महिने पुढे गेलं. पत्रात कारण लिहिलं होतं ‘कोडची गुणवत्ता’. आणि पुढच्या रिलीजमध्ये त्याने काय केलं असेल? ते गुपचूप वेष्टण वापरलं. एरर छापणं बंद केलं. कुणीही शहाणा माणूस तेच करील.

यावर मला मिळालेलं उत्तर असं, की पण तो ५ सेकंदांचा आकडा त्यानेच निवडला होता ना? हो, निवडला होता. समोरच्या सर्व्हरचे ५ सेकंद कुणी निवडले होते? कुणीच नाही, ते डीफॉल्ट होते. निवडणारा माणूस सापडतो, डीफॉल्ट सापडत नाही. ट्रेसमध्ये डीफॉल्टचं नाव कधीच येत नाही.

ब्राउझरकडे वळू, कारण तुमच्यातले बरेच जण तिथे काम करत असतील. फेच फसला की क्रोम म्हणतो ‘फेल्ड टू फेच’. सफारी म्हणतो ‘लोड फेल्ड’. इंटरनेट गेलं असेल, डीएनएस सापडलं नसेल, सर्टिफिकेट चुकीचं असेल, कुठल्या तरी अ‍ॅडब्लॉकरने विनंती अडवली असेल, सगळ्याला एकच वाक्य. हे मुद्दाम केलेलं आहे आणि त्यामागचं कारण बरोबर आहे: खरं कारण पानावरच्या स्क्रिप्टला सांगितलं, तर एखादी बदमाश साइट तुमच्या घरच्या किंवा ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर काय काय चालू आहे ते टकटक करून शोधून काढील. सुरक्षेसाठी गप्प बसणं मला मान्य आहे. माझा राग गप्प बसण्यावर नाही.

राग आहे तो कॉर्सवर. म्हणजे कॉर्सवर नाही, कॉर्सचं नाव पुढे करण्यावर. तुमचं अ‍ॅप एका डोमेनवर, एपीआय दुसऱ्यावर. मधे एनजिनएक्स बसलाय आणि परवानगीचा हेडर तोच लावतोय. मागचा सर्व्हर कोसळतो, एनजिनएक्स ५०२ देतो. आता एनजिनएक्सची रीत अशी, की साध्या ‘अ‍ॅड हेडर’ने लावलेला हेडर ठरावीक यशस्वी आणि रीडायरेक्टच्या कोडवरच लागतो, ५०२ वर लागायला शेवटी ‘ऑलवेज’ लिहावं लागतं. बहुतेकांनी ते लिहिलेलं नसतं. मग ५०२ परवानगीच्या हेडरशिवाय ब्राउझरकडे येतो, आणि ब्राउझर लालभडक अक्षरांत सांगतो की कॉर्स धोरणाने विनंती अडवली. तांत्रिकदृष्ट्या एकेक अक्षर खरं. व्यवहारात शुद्ध दिशाभूल. सर्व्हर मेलाय आणि स्क्रीन सांगतेय की तुझ्याकडे पास नाही.

याने काय होतं ते मी पाहिलेलं आहे. फ्रंटएंडवरचं पोरगं ती ओळ कॉपी करून शोधतं. पहिला सल्ला मिळतो: सर्व्हरवर परवानगीत चांदणी टाका, म्हणजे कुणालाही येऊ द्या. दुसरा सल्ला: ‘नो-कॉर्स’ मोड लावा. दुसऱ्याने लाल ओळ जाते, पण येणारं उत्तर वाचताच येत नाही, त्याचा स्टेटस शून्य दिसतो. पहिल्याने तर एररही जात नाही, कारण ती कॉर्सची नव्हतीच. पण तासाभराने सर्व्हर आपोआप उठतो, सगळं चालू लागतं, आणि ती चांदणी मात्र कायमची प्रॉडक्शनवर राहते. ‘फिक्स: कॉर्स’ असा कमिट मेसेज घालून. अशा चांदण्या किती ठिकाणी लुकलुकत असतील याचा विचार मी रात्री करत नाही.

एका ठिकाणी मात्र ब्राउझर प्रामाणिक वागतो, आणि ते सांगितलंच पाहिजे. क्रोमच्या कन्सोलमध्ये एखादा ऑब्जेक्ट छापला आणि नंतर बाण दाबून उघडला, तर आत दिसतं ते छापण्याच्या वेळचं नसतं, उघडण्याच्या वेळचं असतं. मधे नेटवर्कवरून उत्तर येऊन तो बदलून गेला असेल, तर तुम्ही भविष्य बघत असता आणि समजता भूतकाळ. कॉल जायच्या आधीच डेटा कसा काय आला, या कोड्यात नवशिक्यांचे तासन्‌तास जातात. पण तिथे शेजारी एक बारीकसा ‘आय’ असतो. त्यावर बोट नेलं की क्रोम कबूल करतो: ही किंमत उघडल्यावर काढली आहे, आधीपासून बदललेली असू शकते. एवढंसं चिन्ह. बाकी कुठल्याही टूलला एवढंसुद्धा का जमत नाही?

‘आता डिस्ट्रिब्युटेड ट्रेसिंग आहे, तुझे सगळे प्रश्न जुने आहेत’ हा पुढचा युक्तिवाद. गूगलने २०१० साली डॅपर नावाच्या आपल्या व्यवस्थेवर शोधनिबंध लिहिला, त्यातून झिपकिन आणि येगर आले, २०१९ मध्ये दोन चळवळी एकत्र होऊन ओपनटेलिमेट्री झालं. विनंतीसोबत एक क्रमांक फिरवायचा, प्रत्येक सर्व्हिसने त्या क्रमांकाखाली आपला वेळ नोंदवायचा, आणि मग पायऱ्यापायऱ्यांचं सुंदर चित्र. मी हे रोज वापरते आणि ते काढून घेतलं तर मी राजीनामा देईन. तरीही.

पहिलं म्हणजे घड्याळं. त्या चित्रातली प्रत्येक पट्टी वेगळ्या मशीनच्या घड्याळावर मोजलेली असते. मशीनची घड्याळं एकमेकांशी जुळवलेली असतात, पण काही मिलिसेकंदांचा फरक राहूच शकतो, आणि एकाच डेटा सेंटरमधला कॉल एका मिलिसेकंदाच्या आतही जाऊन येतो. म्हणून कधीकधी उत्तर प्रश्नाच्या आधी सुरू झालेलं दिसतं. काही टूल हे बघून पट्ट्या आपल्या मनाने सरकवतात, म्हणजे चित्र शहाण्यासारखं दिसावं. लेस्ली लॅम्पोर्टने १९७८ साली लिहून ठेवलंय की वेगवेगळ्या मशीनवरच्या घटनांचा क्रम घड्याळाच्या वेळेवरून ठरवता येत नाही. कुणाचा संदेश कुणाला पोचला, यावरूनच ‘आधी’ आणि ‘नंतर’ म्हणता येतं. या निबंधाचं वय माझ्या वयाच्या जवळपास दुप्पट आहे. आणि आजही आरसीएच्या मीटिंगमध्ये तीन सर्व्हरचे लॉग एका एक्सेलमध्ये ओतून, वेळेच्या रकान्यावर सॉर्ट करून, ‘बघा, याच्या आधी हे झालं’ असं छातीठोकपणे सांगतात.

दुसरं, नमुने. सगळे ट्रेस ठेवायला जागा आणि पैसा नसतो, म्हणून काहीच ठेवतात. डॅपरच्या पहिल्या आवृत्तीत १०२४ विनंत्यांमागे एक ठेवायचे. गूगलच्या आकाराला ते चालतं, कारण तिथे कुठलीही गडबड हजारदा घडते. दिवसाला पन्नास ऑर्डर घेणाऱ्या अ‍ॅपने तेच प्रमाण कॉपी केलं, तर नेमकी फसलेली ऑर्डर सापडण्याची शक्यता जवळपास नाही. आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त छळतं: मधल्या एखाद्या क्यूने किंवा लायब्ररीने तो क्रमांक पुढे दिलाच नाही, तर ट्रेसचे दोन तुकडे होतात. तुटलेला ट्रेस तुटलेला दिसत नाही. छोटा दिसतो, नीटनेटका दिसतो. स्क्रीनवर कुठेही ‘इथून पुढचं मला माहीत नाही’ अशी पाटी नसते. शेवटची जी सर्व्हिस दिसते तिच्यावर संशय, झालं.

‘मला माहीत नाही’ असं म्हणणारी यंत्रणा बनवता येते का? येते, आणि ती तुमच्या खिशात आहे. यूपीआयने पैसे पाठवताना मधेच नेटवर्क अडकलं, तर अ‍ॅप ‘पेंडिंग’ दाखवतं. आपण वैतागतो, किराणावाला वैतागतो, मागे रांग लागते. पण टाइमआउटचा अर्थच तो असतो. समोरून उत्तर आलं नाही, एवढंच कळलंय. काम झालं की नाही, ते नाही कळलं. पैसे पोचलेही असतील आणि ‘पोचले’ हा निरोपच हरवला असेल. तिथे ‘फेल’ असं ठणकावून सांगितलं असतं, तर लोकांनी पुन्हा पैसे पाठवले असते. आणि ही अनिश्चितता नुसती पडद्यावर नाही, नियमात उतरलेली आहे: रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयने पाठवलेले पैसे खात्यातून गेले पण समोरच्याच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत आले पाहिजेत, आणि त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. दुकानदाराला केलेल्या पेमेंटला पाच दिवसांची मुदत. प्रत्यक्षात बँका किती चटपटीत वागतात हा वेगळा लेख होईल. पण कुणीतरी बसून मान्य केलं की मशीनचं उत्तर संदिग्ध असू शकतं, आणि त्या संदिग्धतेचा भुर्दंड ग्राहकावर पडता कामा नये. आमच्या धंद्यात हा भुर्दंड ज्युनिअरवर पडतो.

ही ऑफिसातली किरकोळ कुरकुर आहे, तीन महिन्यांचं कन्फर्मेशन काय मोठं, असं वाटत असेल तर ब्रिटनच्या पोस्टाकडे बघा. फुजित्सूने बनवलेली होरायझन नावाची हिशेबप्रणाली तिथे १९९९ पासून लागू झाली. काही वर्षांत गावोगावचे सबपोस्टमास्तर हिशेबात तूट दाखवू लागले. म्हणजे ते नव्हते दाखवत, स्क्रीन दाखवत होती. ते म्हणत होते की आम्ही पैसे घेतले नाहीत. पोस्ट म्हणत होतं, सिस्टिम तर घेतले म्हणते. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक माणसं दोषी ठरली. काही तुरुंगात गेली, अनेकांनी घरं विकून न झालेली तूट भरली. त्यातला एक बग फॉल्कर्कमधल्या कॅलेंडर स्क्वेअर शाखेच्या नावाने ओळखला जातो: एका काउंटरवर केलेली नोंद त्याच शाखेच्या दुसऱ्या काउंटरला दिसायची नाही, कारण मशीनमधली निरोपांची देवाणघेवाण अडकलेली असायची. दिसत नाही म्हणून माणूस तीच नोंद पुन्हा करायचा. हे वाचताना मला आमचं ते गुपचूप पुन्हा प्रयत्न करणारं वेष्टण आठवलं आणि पोटात गोळा आला.

डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी निकाल दिला, की त्या प्रणालीत बग होते आणि फुजित्सूची माणसं दूर बसून, पोस्टमास्तरांना न कळता, शाखेच्या हिशेबात बदल करू शकत होती. २०२१ मध्ये अपील कोर्टाने एकाच दिवशी ३९ जणांची शिक्षा रद्द केली. २०२४ मध्ये संसदेला कायदाच करावा लागला. इतका वेळ का लागला, याचं एक कारण कायद्यात होतं. इंग्लंडमध्ये पूर्वी कॉम्प्युटरचा पुरावा द्यायचा तर कॉम्प्युटर नीट चालत होता हे दाखवावं लागायचं. ती अट १९९९ च्या कायद्याने काढून टाकली. तेव्हापासून गृहीत असं, की उलट सिद्ध होईपर्यंत मशीन बरोबर. म्हणजे लॉग खोटं बोलत नाही, फक्त वकिली इंग्रजीत. गावातल्या पोस्टमास्तरने फुजित्सूचा सोर्स कोड आणून उलट सिद्ध करायचं.

आपल्याकडे जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं, आणि यंत्र नीट चालत होतं ही अट अजून आहे. चांगली गोष्ट आहे. पण ‘नीट चालत होतं’ याचा अर्थ काय घ्यायचा? माझ्या प्रकरणात दोन्ही सर्व्हर अगदी नीट चालत होते. कुठलंच यंत्र बिघडलेलं नव्हतं. दोन नीट चाललेल्या यंत्रांच्या मधे जे झालं, ते कुणाच्याच नोंदीत नव्हतं.

मग लॉग जाळायचे का? असला बालिश प्रश्न मला दोनदा विचारला गेलाय. नाही. लॉग हा जबाब आहे, आणि जबाब तपासायचा असतो. कुणी दिला, कुठे उभं राहून दिला, त्याला काय दिसत होतं आणि काय दिसणं शक्यच नव्हतं, हे विचारायचं असतं. टीसीपीडंपनेही खोटं बोलता येतं, तुम्ही एकाच बाजूला लावला तर. म्हणून दोन्ही बाजूंना लावायचा. गुपचूप पुन्हा प्रयत्न करणाऱ्या प्रत्येक वेष्टणाने पहिल्या फसलेल्या प्रयत्नाची नोंद केलीच पाहिजे, आणि पैसे किंवा ऑर्डर हलवणारा कॉल असेल तर दोनदा गेला तरी एकदाच घडेल अशी सोय असल्याशिवाय पुन्हा प्रयत्न करताच कामा नये. ट्रेस दाखवणाऱ्या टूलने, जिथे क्रमांक हरवला तिथे फाटलेली कड दाखवावी. कॉलेजांनी फॅक्टोरियल खुशाल शिकवावं, पण त्याच तासाला एकदा तरी एक फेच मोडून दाखवावा आणि वर्गाला विचारावं, याला कुणी बोलावलं होतं?

आणि आरसीएमधला तो ‘मूळ कारण’चा एकवचनी रकाना काढून टाकावा. तिथे नाव लिहायची जागा असते म्हणून नाव लिहिलं जातं. त्याऐवजी दोन रकाने हवेत: आम्ही काय पाहिलं, आणि आम्हाला काय दिसलं नाही. दुसरा रिकामा सोडता येणार नाही असा फॉर्म बनवायला कुठल्याही फ्रंटएंडवाल्याला पाच मिनिटं लागतात.

वेळ नसतो, असं मॅनेजर मंडळी सांगतात. प्रॉडक्शन पेटलेलं असताना पॅकेट कोण मोजत बसणार. आम्ही पॅकेट पकडली त्याला परवानगी काढण्यापासून पडद्यावर फिन दिसेपर्यंत साधारण चाळीस मिनिटं लागली. ज्या मीटिंगमध्ये तो रकाना भरला गेला, ती दीड तास चालली होती आणि तिला अकरा माणसं होती.